मेंढीच्या पोटातला भाऊ

फार पूर्वी पट्टकृमीलाही डोळे होते, तोंड होतं. तेव्हा तो आपल्या थोरल्या भावाबरोबर ओढ्यातल्या दगडाखाली राहायचा. दोघेही पानासारखे चपटे. दिवसभर सरपटायचं, मेलेला मासा मिळाला तर खायचा, नाहीतर उपाशी निजायचं. धाकटा याला विटला आणि पाणी प्यायला आलेल्या एका मेंढीच्या पोटात शिरला.

पुढच्या उन्हाळ्यात मेंढी पुन्हा आली, तेव्हा थोरल्यानं हाक मारली, "अरे, बाहेर ये. खेकड्यानं मला मधोमध तोडलं होतं, पण डोकं पुन्हा उगवलं बघ!"

"इथं मला तोडायला आहे कोण?" धाकटा पोटातून म्हणाला. "अंधारात डोळ्यांचं काय काम, म्हणून ते टाकले. आता तोंडही टाकणार. मेंढी खाते ते आपसूक माझ्या अंगात मुरतं. चावायचे कष्ट कशाला?"

त्यानंतर त्याचं उत्तर कधी आलं नाही. आत तो हातभर, मग पुरुषभर लांब झाला आणि मेंढी खंगत गेली. एके दिवशी ती ओढ्यातच कोसळून मेली. कोल्ह्यांनी तिचं पोट फाडलं, तसा तो पाण्यात घरंगळला.

सभोवती मांसच मांस होतं. थोरल्यानं त्यातला एक तुकडा आणला आणि मायेनं म्हणाला, "घे, खा रे."

मग तो घास घेऊन तो भावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंड शोधत फिरला. दिवस मावळला तेव्हा भावाची वळवळ थांबली होती, आणि घास तसाच होता.