नळीतली फट

"पण सर, तिथे काहीच नाही, तर मी मानू तरी काय?"

सुधन्वाचा आवाज चढला होता. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळात लांब नळी ठोकायची, तिच्यातून आलेल्या गाळाचे थर वाचायचे आणि पूर्वी बर्फ कुठवर पसरला होता ते ठरवायचं, हे त्याचं संशोधन. केणीसर त्याचे गुरू. प्रबंध आज संध्याकाळी द्यायचा होता. सरांची सही मिळाली नाही, तर सगळी वर्षं पाण्यात.

सरांनी आलेख जवळ ओढला. नळीत जुन्या थरावर एकदम नवा थर होता. मधल्या हजारो वर्षांचा गाळच नाही. सुधन्वाने ती फट पट्टी लावून सरळ रेघेने सांधली होती.

"ही रेघ कुठल्या गाळातली?"

"अंदाज आहे, सर. हत्ती गेला, शेपूट राहिलं. एवढी सही करा."

सुधन्वाला विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं. ते त्याच्या बोलण्यातही असायचं.

सरांनी खोलीभर नजर फिरवली.

ते पावसाळाभर बोटीवर होते आणि आज सकाळीच परतले होते. तोवर त्यांच्या या बंद खोलीची किल्ली सुधन्वाकडे होती.

"माझा सूक्ष्मदर्शक तू नेलास?"

सुधन्वा चपापला. "हो... विचारायचं राहिलं. कोणी सांगितलं तुम्हाला?"

सरांनी टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलभर जाड धूळ साचली होती. कोपऱ्यात मात्र घोड्याच्या नालेसारखी, सूक्ष्मदर्शकाच्या बुडाएवढी एक जागा जवळजवळ स्वच्छ होती.

"तिथे धूळ नाही," सुधन्वा पुटपुटला.

"आहे की. पातळ आहे. आठवडा झाला असेल नेऊन."

"हो... आठवडाच झाला."

तो त्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने आलेख हातात घेतला.

"सर, बर्फ तळाला टेकला असेल, तर त्याच्याखाली गाळ साचणारच नाही."

जे शोधायला तो इतकी वर्षं झिजला, त्याच्यावरच त्याने पट्टी ठेवून रेघ मारली होती. त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने खोडरबर घेतलं आणि रेघ पुसली. सरांनी पेनचं टोपण काढलं.

"या रिकाम्या जागेत आता काय लिहू, सर?"

"काही नको. बर्फ बसलाय तिथे."