डोळे बांधून बसलेली आई

घाटाखालच्या गावात एकदा एक आई आठ वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन वृद्ध वैद्यबुवांकडे आली. मुलगी एवढी मोठी, की तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. बुवांचा शिष्य लगबगीने पुढे झाला.

"काय झालं पोरीच्या पायांना?"

"काही नाही. चालते की ती," आई म्हणाली.

शिष्याने गुरूंकडे पाहिले. बुवा सहाणेवर मुळी उगाळीत होते, ते उगाळीतच राहिले.

ही मुलगी सातवा महिना लागता लागताच जन्मली होती. तळहातावर मावेल एवढा जीव. दगड कोण उचलून नेणार, म्हणून तिचे नाव धोंडी ठेवले. पिंजलेल्या कापसात गुंडाळून, वातीने थेंब थेंब दूध पाजून आईने तिला जगवले. तेव्हा जे लोक 'ही काही राहत नाही' म्हणत होते, तेच आता 'किती जपतेस गं!' म्हणत होते.

गावची पाठशाळा टेकडीवर, साठ पायऱ्या चढून. उद्या दसरा. यंदाच्या पाटीपूजनाला धोंडी गेली नाही, तर वय गेले म्हणून गुरुजी तिला पुढे घेणार नव्हते. आणि आईचे मन पहिल्या पायरीपाशीच अडले होते.

"बाबा, एक ताईत द्या," आई म्हणाली. "पोरीला नको, मला. भीती जाईल असा. सासूबाई विचारतात, पोरीचं लोणचं घालणारेस का? जो तो म्हणतो, भीती टाकून दे. टाकायला बघते हो, पण कुठून धरून टाकायची तेच कळत नाही."

बुवांनी हात धुतले. शिष्याला म्हणाले, "पंचा आण आणि हिचे डोळे बांध. धोंडे, तू जा गं अंगणात, पोरांत खेळ."

अंगणात गल्लीतली सात-आठ मुले शिवाशिवी खेळत होती. धोंडी एका उडीत कडेवरून उतरली. शिष्याला वाटले, आधीच घाबरलेल्या बाईला हा कसला छळ! पण त्याने पंचा बांधला.

"सांग, काय ऐकू येतंय?" बुवांनी विचारले.

"पोरं पळतायत." आईने कान अंगणाकडे वळवला. "डावं पाऊल घासतंय ना, ती आमची. तुळशीकडं वळली. आता तोंडानं श्वास घेतेय. अजून दहाएक पावलं पळेल, मग बसेल."

शिष्य मोजू लागला. नवव्या पावलाला धोंडी मटकन बसली. तो धावणार, तोच आई म्हणाली, "राहू द्या. एक उसासा टाकला की उठते आपली आपण."

धोंडीने उसासा टाकला. उठली. आणि शेजारच्या मुलाला तिने असे काही शिवले, की पोरे ओरडली, "म्हाद्यावर राज्य!"

शिष्याने पंचा सोडला. "गुरुजी, हातात नाडी धरूनही मला हे सांगता आलं नसतं."

बुवा हसले. "तुला माझ्याकडं येऊन चार वर्षं झाली. ही आठ वर्षं भीतीच्या घरी शिकतेय. गुरू कडक मिळाला, पण विद्या खरी मिळाली." मग ते आईकडे वळले. "पोरी, भीती टाक असं मी नाही म्हणणार. तिनं तुला शिकवलं, तिला नमस्कार कर. पण विद्या पुरी झाल्यावर शिष्यानं गुरूच्याच घरी जन्मभर पाणी भरत राहू नये. धोंडी दमणार, हे नक्की. कधी दमेल ते तुला ठाऊक आहे. मग कडेवर कशाला? पायरीवर बसता येतंच की."

आईने पदराने डोळे पुसले. धोंडीला हाक मारली आणि तिचे बोट धरून घराकडे निघाली. शिष्य बराच वेळ त्या दोघींच्या पावलांकडे पाहत राहिला.

दसऱ्याच्या सकाळी पाटी छातीशी धरून धोंडी टेकडी चढू लागली. आई आणि सासूबाई खाली उभ्या होत्या. इतर मुली भराभर पुढे गेल्या. धोंडी एकविसाव्या पायरीवर थांबली आणि खाली बसली.

"अगं बया! बसली की गं ती!" लोणच्यावरून टोमणे मारणाऱ्या सासूबाईच पदर खोचून धावायला निघाल्या. "अशी बघत काय उभी राहिलीस? जा, उचल तिला!"

आईने त्यांचा हात धरला.

"थांबा आत्याबाई. ती दम खातेय."

"आणि नाही उठली तर?"

"तर मी जाईन. पण अजून माझी वेळ झाली नाही."

वर धोंडीने पाटी दुसऱ्या हातात घेतली, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि बाविसाव्या पायरीवर पाऊल ठेवले. सासूबाईंनी मात्र खोचलेला पदर सोडला. त्या तिथेच खाली बसल्या आणि सून त्यांच्या शेजारी बसली.