कोनाड्यातले फोन

"आक्का, हे माझ्या नावानं कशाला बोंबलतंय?"

भार्गव देवस्थळींनी विचारलं. तेही डोळे न उघडता. ध्यान चालू होतं ना.

आक्कांच्या मठात शिरताना आम्ही फोन सायलेंटवर टाकून कोनाड्यात ठेवतो. पण सरकारी इशारा आला की सायलेंटवरचा फोनसुद्धा किंचाळतो. आज सगळे एकदम किंचाळले.

मी लगेच उठले. माझी काही समाधी मोडायची नव्हती. सकाळी आमटीत गूळ घातला की नाही, ते आठवत बसले होते.

फोनवर लिहिलं होतं, वर जोराचा अवकाळी पाऊस झालाय. धरणातून पाणी सोडतायत. नदीपात्रातून ताबडतोब बाहेर या.

"आपण टेकडीवर," देवस्थळी म्हणाले. "पाणी इथवर येत नाही. उगाच ताप."

आक्का उठल्या. काठी टेकत ओट्यावर गेल्या आणि घंटेचा दोर ओढत सुटल्या.

खाली कोरड्या पात्रात सगुणा आणि तिचा नवरा कलिंगडाच्या वाडीत वाकलेले. इथले भोई उन्हाळ्यात नदीच्या वाळूतच वेल लावतात. फोन भिजायला नको म्हणून काठावरच्या खोपटात टांगून ठेवतात.

"सगुणे! वर ये गं! पाणी सोडलंय!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे आमच्या ह्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

"पाटीभर काढते नि येते!" सगुणा खालून ओरडली.

"कलिंगडं मरू देत! नवऱ्याला ओढ!"

ती हसली. मग वरच्या अंगाला कान दिला...

पाटी तिथंच टाकून दोघं पळाली.

लोंढा आला तेव्हा ती काठावर धापा टाकत होती. वाडी गेली. कलिंगडं एकामागून एक तरंगत निघाली. सगुणानं नवऱ्याचा सदरा मुठीत धरला होता, तो काही सोडला नाही.

आम्ही आत आलो. देवस्थळी तसेच. पाठ ताठ.

"आक्का, एवढा गोंधळ झाला, पण मी हललो नाही."

"बघितलं."

"एक मात्र कळलं नाही. पात्रात ती दोघं होती. मग हाक मला का?"

आक्कांनी कोनाड्यातून त्यांचा फोन काढला. हलकेच त्यांच्या ओंजळीत ठेवला...

"पाणी तुझ्यापर्यंत येणार नव्हतं, भार्गवा. म्हणून हाक आली."