पुरावा म्हणून ठेवलेलं दार

“पण सर, घरात ओव्हरकोट घालून का बसता?”

प्रोफेसर राइनेके यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. दार लोटलेलं होतं, पण चौकटीत बसत नव्हतं. फटीतून जानेवारीचा वारा थेट त्यांच्या मानेवर येत होता.

विचारणारे वडनेरकर मूळचे नागपूरचे वकील. बांधकामाचा कायदा शिकायला जर्मनीत आलेले, आणि तो आपल्याला आला आहे याबद्दल त्यांना तरी शंका नव्हती.

राइनेके या विषयातले दादा. आधी वकिली, मग विद्यापीठ, आणि जन्मभर वाढवत नेलेला एक जाडजूड भाष्यग्रंथ. न्यायाधीशही म्हणे तो उशाशी घेऊन झोपत. तिकडची रीत अशी, की लेखक थकला की ग्रंथ एका शिष्याच्या हाती सोपवतो आणि पुढच्या आवृत्तीवर शिष्याचं नाव येतं. आज वडनेरकर त्यांच्या घरी त्यासाठीच आले होते.

“दार दुरुस्त का करून घेत नाही?”

“बिल्डरवर केस चालू होती. दार म्हणजे पुरावा.”

वडनेरकरांचा चेहरा उजळला. “बरोबर. पुराव्याला हात लावायचा नाही. तुमच्याच ग्रंथात आहे.”

“हो... माझ्याच.”

कोर्टाचा तज्ज्ञ येऊन दार मोजून गेला होता. बिल्डरने दुसरा आणला, त्याने चौकट मोजली. न्यायाधीश निवृत्त झाले. बिल्डर वारला, मग त्याचा मुलगा लढला. नवे न्यायाधीश राइनेकेंचाच ग्रंथ उघडून राइनेकेंनाच पुढची तारीख देत राहिले.

“आणि मॅडम कुठे आहेत?”

“हिल्डेगार्ड बहिणीकडे आहे. दार लागलं की फोन कर, म्हणाली.”

“कधी म्हणाल्या?”

“केस नवी होती तेव्हा.”

वडनेरकर गारठलेले हात चोळू लागले.

“मागच्या आठवड्यात जिंकलो,” म्हणत राइनेकेंनी टेबलाखालून एक कोरा करकरीत रंधा काढला आणि ते दाराकडे निघाले.

वडनेरकर धावत जाऊन दारापुढे आडवे उभे राहिले.

“सर, अपिलाची मुदत अजून संपलेली नाही. समोरचा वरच्या कोर्टात गेला तर? पुरावा नष्ट होईल.”

“मला थंडी वाजते, वडनेरकर.”

“मलाही वाजतेय, सर. पण हात लावू देणार नाही.”

“मला तिची आठवण येते.”

“आठवणीला मुदत नसते, सर. अपिलाला असते.”

राइनेकेंनी शिष्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. वडनेरकरांना वाटलं, अभिमानाने.

रंधा खाली ठेवून ते कपाटाशी गेले. ग्रंथ काढला आणि वडनेरकरांच्या हातात दिला.

“तुमच्याइतका लायक माणूस मला मिळायचा नाही. ग्रंथ तुमचा.”

वडनेरकर वाकून त्यांच्या पाया पडायला दारापासून बाजूला झाले. उठतात तोवर त्यांच्या खांद्यावर काहीतरी जड आणि ऊबदार येऊन पडलं. ओव्हरकोट.

मागे रंधा चालू लागला होता. लाकडाचा पहिला पातळ पापुद्रा गालिच्यावर पडला.

“सर... हे काय? आणि कोट कशाला?”

“दोन्ही घेऊन जा,” वर न बघता राइनेके म्हणाले. “मला आता लागणार नाहीत.”