साळिंदर आणि हस्कीचे पिल्लू

फार वर्षांपूर्वी एका उघड्या माळावरील बिळात साळिंदर व त्याची पत्नी साळू राहत. कंदमुळे जेमतेम दोघांपुरती मिळत. एकदा हिमप्रदेशातून आलेल्या तांड्यात हस्की या दाट केसांच्या कुत्र्याचे एक पोरके पिल्लू होते. त्याला घर हवे होते.

साळिंदर म्हणाला, "आपण ते आणू. शेजारचा ससा नुसता पाहत राहील."

"अहो, त्याला खायला काय घालणार?"

"ते मागाहून पाहू," असे म्हणून तो तांड्यापाशी गेला.

पिल्लू उन्हाने धापा टाकत होते. त्याने विचारले, "काका, तुमच्या दारात झाड आहे ना?"

साळिंदर ओशाळला. "नाही, बाळा. मी तुझा विचारच केला नव्हता."

"खरे सांगितलेत," असे म्हणून पिल्लाने त्याचा पाय चाटला, तेव्हा साळिंदराला मान वर करवेना.