मोरांच्या चाकांची गाडी

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा कुंभार राहत होता. मडकी तो बरी घडवायचा, पण त्याहून मोठी हौस एकच: लोकांनी आपल्याकडे वळून बघावं.

त्याला आणि त्याच्या साडूला, गणोजीला, एकाच सुमारास बैलगाडी घ्यायची होती. गणोजीने गावच्या सुताराकडून घेतली. ती दिसायला चाकं लावलेल्या खाटेसारखी. सटवाजी मात्र थेट नगरातल्या नामांकित कारागिराकडे गेला. त्याच्या गाडीला रंगीत छत होतं, कडेने घुंगरं होती आणि चाकाच्या एकेका आऱ्यावर मोर कोरलेला होता.

"अशी गाडी पंचक्रोशीत दुसरी नाही," कारागीर म्हणाला.

एवढं ऐकलं आणि सटवाजीने भाव करायचंही सोडून दिलं.

मग काय, काम असो नसो, गाडी साडूच्या दारावरून जायची. गणोजीने एकदा नीट निरखून पाहिली आणि विचारलं, "झकास आहे. यात मडकी कुठे ठेवतोस?"

"मावतात," सटवाजी म्हणाला. "थोडी कमी मावतात."

एके दिवशी बाजाराला जाताना खड्ड्यात चाक आदळलं आणि आरा मोडला. जवळच्या गावचा सुतार आला, वाकून बघू लागला.

"सरळ आरा असता तर आत्ता करून दिला असता. मोर मला येत नाही. कोंबडा चालेल का?"

सटवाजीला कोंबडा चालला नाही. त्याच्या बायकोने, तुळसाने, मडकी डोक्यावरून बाजारात नेली. सटवाजी नगरात गेला, तर कारागीर म्हणाला, "मोर आता बंद केले. यंदा हत्ती चालतात. नवीच घ्या की गाडी." हातापाया पडून एक आरा करून मिळाला, तोवर बाजाराचा हंगाम सरला होता.

गणोजीच्या गाडीचाही आरा मोडायचा. पण तो वाटेतल्या कुठल्याही सुतारापाशी थांबायचा आणि पान खाऊन होताच पुढे निघायचा.

अशी काही वर्षं गेली. दिवाळी तोंडावर आली, घर पणत्यांनी भरलं. यंदा चाक मोडलं तर वर्षभराची मेहनत रस्त्यावर पडून राहील, म्हणून सटवाजीने गाडी विकून दुसरी घ्यायचं ठरवलं. गणोजीलाही मोठी गाडी हवी होती. दोघे बैलबाजारात गेले; तुळसाही सोबत होती.

गणोजीपाशी एक शेतकरी आला. त्याने चाकावर लाथ मारून पाहिली, सुताराचं नाव विचारलं आणि जवळजवळ नव्या गाडीचे पैसे मोजले. आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

सटवाजीभोवती मात्र जत्रा जमली. बायांनी पोरं गाडीत बसवून घेतली. एकाने लग्नापुरती उसनी मागितली. कौतुक सगळ्यांनी केलं, पण भाव कुणीच विचारला नाही.

ऊन उतरताना एक कासारीण आली. एकटीच गावोगाव फिरून बांगड्या विकणारी ती वयस्क बाई होती. छत तिला फार आवडलं.

"आरा मोडला तर कुठे करून मिळतो?" तिने विचारलं.

'कुठेही' हा शब्द सटवाजीच्या अगदी जिभेवर होता. गाडी विकली गेली असती आणि पणत्या बाजारात पोचल्या असत्या. पण आडरानात मोडक्या चाकापाशी बांगड्या घेऊन बसलेली ही म्हातारी त्याला डोळ्यांसमोर दिसली.

"कुठेच नाही, मावशी," तो म्हणाला. "मीच दोनदा रस्त्यावर बसलोय."

"तीनदा," तुळसा म्हणाली.

कासारीण हसली. "सकाळपासून सगळ्यांना हेच विचारतेय. जो तो म्हणतो, मोडणारच नाही. मोडतं असं सांगणारे तुम्हीच पहिले. असं करा, तुमच्या गावच्या सुताराकडून साधी चाकं बसवून आणा. पुढच्या बाजाराला मी घेऊन जाते."

तिने शब्द पाळला. चाकांचा खर्च वजा जाता हाती बेताचेच पैसे उरले. तेवढ्यात नवी गाडी येणं शक्य नव्हतं, म्हणून सटवाजी गावच्या सुताराने केलेली जुनी गाडी शोधत बाजारभर फिरला. एक सापडली. रंग उडालेला, फळ्या घासलेल्या. त्याने भाव विचारला.

"अहो, जुन्या गाडीला एवढे?"

"सगळे असंच म्हणतात," विकणारा शांतपणे म्हणाला, "आणि घेऊन जातात."

सटवाजीने एकदा तुळसाकडे पाहिलं आणि कनवटीला हात घातला.

तात्पर्य एवढंच: नवेपणी वस्तूचं कौतुक तिच्या रूपावर होतं, पण जुनेपणी तिला मोल येतं ते भरवशाने. माणसाच्या शब्दाचंही तसंच आहे.