अर्ध्या वाटेवरचे फूल

एकदा एका आईची झोप एका चाळीस पानी वहीने उडवली.

वही तिच्या मुलीची होती. मुलगी दुसरीत, नाव शर्वी. स्वभावाने शांत आणि हाताने संथ. इतकी संथ की, वर्गात बाई फळा पुसायला घेत तेव्हा हिची दुसरी ओळ नुकती सुरू झालेली असे. एके दिवशी वहीवर लाल शाईचा शेरा आला : ‘लेखन अपूर्ण.’ तो शेरा पुन्हा दिसू नये म्हणून आईने, म्हणजे हेमांगीने, एक युक्ती काढली. शर्वी खेळायला गेली की ती पेन्सिल डाव्या हातात धरून उरलेल्या ओळी स्वतः लिहून काढी. डाव्या हातात अशासाठी की, उजव्या हाताचे अक्षर फार शहाणे दिसले असते. शेरे थांबले, झोप मात्र येईना. आपण लेकीला सावरतो आहोत की भलतेच काही करतो आहोत, याचा निवाडा तिला होत नव्हता. एम.एस्सी. झालेली बाई दुसरीच्या शुद्धलेखनात चोरी करते, याचे तिला स्वतःलाच हसू येई. पण डोके उशीला टेकले की ते हसू जागच्या जागी विरे.

या चोरीला कारण होते. हेमांगी स्वतः लहानपणी वर्गातली सर्वांत संथ मुलगी होती. तिच्या शाळेत कवायतीचे एक मास्तर होते. दर शुक्रवारी ते अख्ख्या वर्गाला मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावत आणि शेवटचे मूल येईपर्यंत शिट्टी वाजवत नसत. शिट्टी झाल्याखेरीज कोणी पाण्याला जायचे नाही, असा नियम. शेवटचे मूल म्हणजे ठरलेली हेमांगी. चाळीस मुले उन्हात रांगेत उभी, मास्तरांच्या ओठांत शिट्टी, आणि ती एकटी धावते आहे. “अगं ये की लवकर, घसा सुकला आमचा!” असे कोणी ना कोणी ओरडेच. ती लाज इतक्या वर्षांतही तिच्या अंगावरून उतरली नव्हती. आपल्या लेकीच्या वाट्याला असली एकही फेरी येऊ द्यायची नाही, एवढे तिने मनाशी पक्के धरले होते.

त्यांच्या गावात दर माघात धावण्याची एक शर्यत होई. बाजारचौकातून निघायचे, कालव्याच्या कडेने पंपघर गाठायचे आणि परत फिरायचे. जाऊन येऊन चार किलोमीटर. शर्यत छोटी; पण तिची एक रीत होती. पंपघरापाशी झेंडूच्या फुलांची टोपली ठेवलेली असे. प्रत्येकाने तिथून एक फूल उचलायचे आणि चौकात येऊन पितळी परातीत ठेवायचे. पंपघरापर्यंत गेल्याची खूण एवढीच. टोपलीपाशी पाणी द्यायला कोणी ना कोणी बसे, पण कोण आले नि कोण नाही ते तपासत नसे; तपासावे असे आजवर कोणाला वाटलेही नव्हते.

त्या वर्षी टोपलीपाशी बसण्याचे काम हेमांगीकडे आले. शर्वी सोबत होतीच. तरुण पोरे आली, फुले उचलून पळाली. मागून धापा टाकत बँकेतले साहेब आले, मग साडी खोचलेल्या दोन शिक्षिका आल्या. टोपलीत शेवटी एक फूल राहिले आणि रस्त्यावर एक माणूस. तेच कवायतीचे मास्तर. वय शहात्तर, डोक्यावर पांढरी टोपी.

इतक्यात चौकातून आयोजकांचा फोन आला.

“ताई, पाहुणे येऊन बसलेत. किती राहिलेत अजून?”

“एकच. मास्तर.”

“झालं! म्हणजे आता पोळ्या खायच्या वेळेलाच समारंभ. दरवर्षीचं आहे हे. बघा बुवा काहीतरी, पाहुणे उठून गेले तर तोंड कुठं लपवायचं आम्ही?”

हेमांगीने फोन ठेवला. दूर बाभळींच्या रांगेशी पांढरी टोपी हळूहळू हलत होती. चौकात काय चालले असेल, ते तिला न बघता दिसले. रांगेतली माणसे, चुळबुळ, घड्याळाकडे पाहणारे डोळे, आणि या सगळ्यांच्या समोर एकट्याने धावत येणारा एक जीव. तिने टेबल आणि पाण्याचा माठ टेम्पोत चढवून पुढे पाठवून दिला, उरलेले फूल उचलले, शर्वीला स्कूटरवर पुढे उभे केले आणि बाभळींपाशी जाऊन मास्तरांसमोर थांबली.

“सर, इथूनच वळा. हे घ्या फूल.”

“का गं, पंपघर अलीकडं सरकलं की काय?”

“तसं नाही सर. ऊन फार झालंय. अर्ध्या किलोमीटरनं काय होतंय? कुणाला कळणार आहे?”

मास्तरांनी फुलाकडे पाहिले. मग शर्वीकडे. “बरं,” म्हणत त्यांनी फूल टोपीच्या घडीत खोचले आणि ते वळले. हेमांगीला फार दिवसांनी हलके वाटले. लहानपणी आपल्यासाठी कोणी जे केले नाही, ते आज आपण कोणासाठी तरी केले, असे ते समाधान होते.

चौकात हलगी कडाडली. माइकवरचा माणूस तर उड्याच मारू लागला. “आले, आले! वय वर्षे शहात्तर! पंपघरापर्यंत जाऊन आलेत, मंडळी! कॉलेजच्या पोरांनो, बघून ठेवा! तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढता!” टाळ्यांचा पाऊस पडला. पाहुण्यांनी शाल उलगडली. मास्तर परातीपाशी आले, त्यांनी टोपीतले फूल काढले, हात पुढे नेला आणि तो तसाच थांबवला. मग कडेला उभ्या असलेल्या शर्वीपाशी येऊन त्यांनी ते फूल तिच्या हातात दिले.

“बाळ, एवढं सांभाळ. आलोच मी.”

आणि आले त्याच रस्त्याने ते पुन्हा निघाले.

क्षणभर कोणाला काही उमगेना. मग हशा पिकला.

“मास्तर, शेवट इकडं आहे!”

“ऊन लागलं म्हाताऱ्याला. दिशाच विसरला बघा!”

“अहो, शाल तरी घेऊन जा!”

पाहुणे उलगडलेली शाल घेऊन तसेच उभे. कोणीतरी हेमांगीला विचारले, “ताई, पंपघरापाशी पाणीबिणी पाजलंत ना त्यांना?” सगळी तोंडे तिच्याकडे वळली. आता सांगून टाकता आले असते. ‘पाजलं,’ असे ती म्हणाली. एका खोट्यावर दुसरे चढले आणि तिचे कान तापले. मास्तरांना हसणाऱ्या त्या गर्दीत ते का गेले हे जाणणारी ती एकटीच होती, आणि तीच गप्प होती. शर्वी तिच्याकडे बघते आहे, हे तिला जाणवले. तिने मुलीच्या डोळ्यांत पाहायचे टाळले, तिला स्कूटरवर घेतले आणि मास्तरांच्या मागे गेली.

“सर, चुकलं माझं. बसा मागे, सोडते तिथपर्यंत.”

मास्तरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. धावणे संपून आता चालणे उरले होते. फूल घेतले होते ती बाभूळ त्यांनी ओलांडली, पंपघर गाठले, भिंतीला तळहात टेकवला आणि ते ओट्यावर बसले. तिथे आता टोपली नव्हती; पिळलेली लिंबे आणि चार पाकळ्या तेवढ्या पडल्या होत्या.

हेमांगी समोर उभी राहिली. “सर, मला वाटलं, सगळे तुमच्यासाठी ताटकळत उभे राहतील. कसं वाटतं ते, मला माहीत आहे.” मग ती म्हणाली, “तुम्ही शिट्टी वाजवायचा नाहीत, सर.” वीस वर्षे घशात अडकलेले ते वाक्य बाहेर आले आणि तिचे तिलाच नवल वाटले.

मास्तर श्वास पुरेसा होईपर्यंत थांबले. मग शांतपणे म्हणाले, “पोरी, तू फूल पुढं केलंस तेव्हा मला बरं वाटलं. गुडघे ठणकत होते. घेतलं मी, त्यात तुझ्याइतकाच माझाही दोष. शेवटी येण्याची मला लाज नाही; बारा वर्षं शेवटीच येतोय. पण आजच्या टाळ्या पंपघरापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला होत्या, आणि तो माणूस मी नव्हतो. म्हणून हात पुढं जाईना. आता शाळेचं. उन्हात पोरांना पाण्यावाचून उभं केलं, ती माझी चूक. फार उशिरा कळली मला, आणि तुझ्या वाट्याला जे आलं त्याची लाज मला आजही आहे. पण थांबलो, ते चुकलं नाही. दुसऱ्या फेरीला शिट्टी वाजवली असती, तर तू आनंदानं थांबली असतीस. आणि घरी जाताना तुला कळलं असतं की, मास्तरांना आपली तिसरी फेरी होईलसं वाटत नाही. तू रडत यायचीस, पण तीनही फेऱ्या तुझ्या असायच्या. ज्याच्यावर माया आहे त्याच्यासाठी थांबावं, पोरी. त्याचा रस्ता आखूड करू नये.”

हेमांगीची मान वर होईना. तिला आपला डावा हात दिसत होता. तर्जनीच्या टोकाला पेन्सिलीचा करडा डाग तसाच होता. तिने नकळत मूठ मिटली.

मास्तर उठले आणि त्यांनी शर्वीपुढे हात पसरला. “आण बाळ. आता घेतो.” शर्वीने दोन्ही हातांनी फूल दिले. घामाने आणि मुठीने ते बरेच चुरगळले होते. मास्तरांनी ते टोपीत खोचले आणि चौकाच्या दिशेने पाऊल टाकले. हेमांगीने स्कूटर सुरू केली नाही. ती हाताने ढकलत मागून चालू लागली. चौकात गेल्यावर माइक हातात घेऊन काय बोलायचे, त्याची जुळवाजुळव ती मनात करत होती आणि प्रत्येक वाक्याला तिचे पाय जड होत होते.

बाभळींपाशी आल्यावर शर्वीने तिचा पदर ओढला.

“आई, घरी गेल्यावर मला खोडरबर देशील?”

“कशाला गं?”

“माझ्या वहीत तू लिहिलेल्या ओळी खोडायच्यात. मी लिहीन. तू नुसती शेजारी बस. आणि शिट्टी वाजवू नकोस.”